चोर सोडून पंपाला फाशी : ऑइल प्रेशरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ऑइल कधी बदलायचं यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं की ऑइल पंप सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. झालं, मूळ लेखाबद्दल कोणी काही बोललंच नाही, सगळे प्रश्न त्या एका वाक्यावर. म्हणून यावेळचं सदर पंपालाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : सर, माझी पेट्रोल कार आहे, ९० हजार किलोमीटर झालेत. इंजिन गार असताना काही नाही, पण तासभर चालवून सिग्नलला थांबलो की ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो, जरा रेस दिली की विझतो. आवाज वगैरे काही नाही. मिस्त्री म्हणतो पंप गेलाय, बदलून टाकू. बदलू का?

उत्तर : थांबा जरा. मिस्त्रीने गेज लावून प्रेशर मोजलं का ते आधी विचारा. मोजलं नसेल तर तो अंदाज करतोय, आणि अंदाज चुकला तर खिसा तुमचा हलका होणार, त्याचा नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्या, मग बाकीचं आपोआप सुटत जातं. पंप प्रेशर बनवत नाही, पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं माप खालून उचलायचं आणि पुढे ढकलायचं, बस. प्रेशर तयार होतं ते पुढची वाट अरुंद असते म्हणून. झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, अंगठा उचलला की पायाशी पडतं, नळ तोच आणि पाणीही तेवढंच. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यातली फट, चांगल्या इंजिनात ती मिलिमीटरच्या दोन-पाच शतांशांएवढीच असते. बेअरिंग झिजलं की फट वाढली, फट वाढली की अंगठा उचलला गेला. त्यात गरम ऑइल पातळ होऊन अजून सहज निसटतं आणि आयडलिंगला पंपही हळू फिरत असतो, म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम तुमच्या विरोधात. गरम इंजिन, आयडलिंग, मिणमिणता दिवा हे लक्षण म्हणूनच पंपापेक्षा बेअरिंगकडे जास्त बोट दाखवतं. पण बोटच दाखवतं हां, पुरावा नाही तो.

आणि तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, तो प्रेशरचा दिवा आहे. बऱ्याच गाड्यांत त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर दिवा लावतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर 'कमी व्हायला लागलेलं' नसतं, ते जवळजवळ संपलेलं असतं. म्हणून मिणमिणतोय तोवर चालवू असं करू नका.

आता करायचं काय. गाडी सपाट जागी उभी करून ऑइल मोजायची पट्टी काढा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. पट्टीला लागलेलं ऑइल बोटावर घेऊन वास घ्या, पेट्रोलचा वास भपकन आला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय आणि ऑइल पातळ झालंय, मग पंपाचा काय दोष. मागच्या वेळी कुठल्या ग्रेडचं भरलं, किती किलोमीटर झाले, ते आठवा. मग स्विचचा सॉकेट काढून आत बघा, आत ऑइल पाझरलेलं असेल तर स्विचच गेलाय. एवढ्याशा स्विचपायी अख्खं इंजिन उघडलेलं मी पाहिलंय.

एवढं सगळं ठीक असेल तर गेज. स्विच काढायचा, त्याच जागी काट्याचं मेकॅनिकल गेज अडॅप्टर लावून फिट करायचं, रेडिएटरचा पंखा चालू होईपर्यंत इंजिन गरम होऊ द्यायचं आणि आयडलिंगला एकदा, दोन-तीन हजार आरपीएमला एकदा आकडा लिहून घ्यायचा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच खरा. जुने मिस्त्री दर हजार आरपीएमला १० पीएसआय असा हिशोब धरतात (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय), साध्या जुन्या इंजिनांना तो ढोबळमानाने चालतो. पण हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत पंप ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हुकमाने कमी-जास्त ऑइल देतो, तिथे मुद्दाम प्रेशर कमी ठेवलेलं असतं, तिथे हा जुना हिशोब लावून पंपाला नापास करू नका.

गेजवर प्रेशर व्यवस्थित आलं तर स्विच बदला आणि निवांत व्हा. कमी आलं तर चेंबर (इंजिनच्या तळाचा, ऑइल साठवणारा) उतरवायचा आणि आधी पंप ज्यातून ऑइल ओढतो ती जाळी बघायची. जाळी स्वच्छ असेल तरच पंप, आणि चेंबर उतरलेलाच आहे तर त्याच बैठकीत एका कनेक्टिंग रॉडची कॅप खोलून बेअरिंगही बघून घ्या. हा क्रम मिस्त्रीला पटत नसेल तर मिस्त्री बदला, पंप राहू द्या.

प्रश्न : काका, रात्री घरी येताना ऑइलचा दिवा लागला. घर चार-पाच किलोमीटरवर होतं म्हणून तशीच हळूहळू आणली. आता स्टार्ट केली की खालून टकटक टकटक आवाज येतोय, रेस दिली की जास्त जोरात. नवीन पंप टाकला की आवाज जाईल ना?

उत्तर : नाही जाणार, ताई. पहिलं म्हणजे आता 'बघूया तरी' म्हणूनही स्टार्ट करू नका, गॅरेजला न्यायची तर टो करूनच न्या.

टकटक वरून येत असती, टॅपेटच्या बाजूने, तर थोडी आशा होती. खालून येणारा जड ठोका, आणि तोही रेसबरोबर वाढणारा, म्हणजे बहुतेक बिग एंड बेअरिंग, कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं. प्रेशर नसलं की क्रँक आणि बेअरिंग यांच्यातला ऑइलचा पापुद्रा जातो आणि धातूवर धातू घासतो. बेअरिंगचा वरचा थर मऊ आणि राखाडी असतो, बऱ्याच बेअरिंगमध्ये त्याच्या खाली तांबूस थर असतो. गॅरेजवाल्याला सांगा की चेंबर काढल्यावर तळाचं ऑइल एका स्वच्छ ताटलीत ओतून उन्हात धर. सोनेरी-तांबूस चकाकी ऑइलभर तरंगताना दिसली तर बेअरिंगचे वरचे थर जाऊन आतला थर उघडा पडलाय. मग फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघायचा, घड्यांमध्ये चुरा अडकलेला दिसतोच, लोहचुंबकाला चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बेअरिंगचा धातू किंवा ॲल्युमिनियम.

अशा वेळी नुसता पंप बदलणं म्हणजे पाय मोडलेल्याला नवीन बूट आणून देणं. क्रँक मोजावा लागेल, ग्राइंडिंग लागतंय का बघावं लागेल, बेअरिंग नवीन लागतील, आणि हो, पंपही नवीन लागेल, कारण हाच चुरा त्याच्या पोटातून गेलाय. ऑइल कूलर असेल तर तो नीट धुवा किंवा बदलाच, त्याच्या बारीक नळ्यांत चुरा लपून बसतो आणि नवीन बेअरिंग टाकल्यावर बाहेर येतो. टर्बो असेल तर त्याची ऑइल लाइनही तशीच साफ करायची.

दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. चार किलोमीटर ढकलत आणावी लागली असती तरी परवडलं असतं.

प्रश्न : दादा, गेज लावून मोजलं, प्रेशर खरंच कमी आहे, जाळी साफ निघाली आणि बेअरिंगही चांगली आहेत. म्हणजे पंपच. माझ्याकडे पाने आहेत, टॉर्क पाना आहे, ब्रेक आणि क्लच मी स्वतः केलेत. पंप इंजिनच्या पुढच्या बाजूला क्रँकवरच आहे, टायमिंग बेल्टच्या मागे. घरी जमेल का? काय काळजी घेऊ?

उत्तर : आधी मोजून मग विचारणारा माणूस भेटला की बरं वाटतं. जमेल, पण दोन दिवस हाताशी ठेवा आणि त्या दोन दिवसांत दुसऱ्या गाडीची सोय असू द्या. यात पंप बदलायला अर्धा तास लागतो, बाकीचा सगळा वेळ पंपापर्यंत पोचण्यात आणि तिथून परत येण्यात जातो.

तुमच्या इंजिनात पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसलाय. आत दोन रोटर असतात, आतला क्रँकबरोबर फिरतो आणि बाहेरचा त्याच्याभोवती, आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी, त्यामुळे फिरताना मधली जागा एका बाजूला मोठी होत जाते आणि दुसऱ्या बाजूला लहान. मोठी होते तिथे ऑइल ओढलं जातं, लहान होते तिथे ढकललं जातं. याच्यापर्यंत पोचायला बॅटरीची निगेटिव्ह काढायची, ऑइल उतरवायचं, बाहेरचे बेल्ट, क्रँकची पुली, टायमिंग कव्हर, टायमिंग बेल्ट, खालून चेंबर आणि जाळीची नळी हे सगळं निघतं. बऱ्याच गाड्यांत पुढचा इंजिन माउंटही काढावा लागतो, तेव्हा इंजिनला खालून किंवा वरून आधार हवा. आणि गाडीखाली जाताना जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँडवर नीट टेकवूनच जा, यात चर्चा नाही.

टायमिंगच्या खुणा बेल्ट काढायच्या आधी जुळवून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वरून, समोरून, तिरका, हवे तितके. बेल्ट निघालाच आहे तर नवीनच बसवा, त्याला ताणून धरणारा टेन्शनरही नवीन, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. एवढी मेहनत सहा महिन्यांनी परत करायची हौस कोणाला आहे. पुलीचा बोल्ट भयंकर घट्ट असतो, काही इंजिनांत तो एकदाच वापरायचा असतो, ते मॅन्युअलमध्ये बघून आधीच नवीन आणून ठेवा.

आता खरी मेख. लोक पंप जपून बसवतात आणि सफाईत माती खातात. ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन खरवडायला ड्रिल मशीनवर ती घासणारी डिस्क अजिबात लावू नका. काम झटपट होतं हे खरं, पण तिची बारीक पूड ऑइलच्या वाटांत जाते, ती पूड म्हणजे पॉलिश पेपरवरचा मसालाच, नवीन बेअरिंगसुद्धा ती खाऊन टाकते. प्लास्टिकची खरवडणी घ्या, वेळ लागू द्या, ऑइलच्या भोकांत आधी कापडाचे बोळे घालून ठेवा, बोळे मोजा आणि काढतानाही मोजा. हसू नका, विसरलेला बोळा काढायला मी चेंबर पुन्हा उतरवलेला आहे.

सिलिकॉन लावताना हात आखडता घ्या. सलग, बारीक, तीनेक मिलिमीटरची रेघ पुरते, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने जाऊ द्या. जास्त लावलं की बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही निघतं, आतलं ते सुकतं, तुटतं आणि चेंबरमध्ये पडतं. एकदा माझ्याकडे नुकतंच ओव्हरहॉल झालेलं इंजिन प्रेशर नाही म्हणून आलं, दुसरीकडे कुठेतरी केलेलं काम होतं. चेंबर काढला तर जाळीवर निळ्या सिलिकॉनच्या शेवया चिकटलेल्या, बोटाने ओढली की अख्खी लांब निघायची. पंप नवा कोरा होता बिचारा, त्याला श्वासच घेता येत नव्हता.

नवीन पंप डब्यातून काढला की थेट बसवू नका. मागचं झाकण खोलून रोटर बघा, आत पॅकिंगचा कचरा किंवा धातूचा कीस राहिलेला नाही ना. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) असेल तर रोटरच्या टोकाटोकांतली फट आणि वर सरळपट्टी ठेवून बाजूची फट मोजा. बाजूची फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच असते, टोकांची त्याहून थोडी जास्त चालते, मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. झाकणाचे स्क्रू परत कसताना टॉर्कने कसा, लहान स्क्रूंवर जोर दाखवून फायदा नाही.

मग पंप ओला करायचा, आणि ही पायरी चुकवायची नाही म्हणजे नाही. कोरडा पंप हवा ओढतो, ऑइल ओढत नाही, कारण दातांमधली फट बंद करायला ऑइलचाच थर लागतो. रोटरमध्ये इंजिन ऑइल भरून हाताने फिरवा, किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, ती ऑइलमध्ये विरघळून जाते. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस मात्र भरू नका, ते तसं विरघळत नाही आणि नको तिथे जाऊन अडकतं.

बसवताना आतल्या रोटरच्या सपाट बाजू क्रँकच्या सपाट बाजूंशी जुळल्या पाहिजेत. जुळल्या की पंप हाताच्या दाबाने सरकत जातो, नाही जुळल्या तर अडतो. अडला की हातोडी घेऊ नका आणि बोल्ट आवळून ओढूनही घेऊ नका, काढा, रोटर जरासा फिरवा, परत लावा. बोल्टने ओढून घेतला की रोटरला तडा जातो आणि कळतं ते नंतर रस्त्यावर. क्रँकचं ऑइल सील नवीन टाका, त्याच्या ओठाला ऑइल लावा, पंप सरकवताना ओठ दुमडला नाही ना ते बघा. जाळीच्या नळीची ओ-रिंग किंवा पॅकिंग नवीनच, त्यावर खाली वेगळं लिहिलंय, ते वाचा.

बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, जोर लावलात तर व्हॉल्व्ह वाकतील. सिलिकॉनला ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्या, मगच ऑइल भरा, नवीन फिल्टर उभा बसत असेल तर त्यातही ऑइल भरून लावा. बॅटरीची निगेटिव्ह परत जोडा.

आणि लगेच स्टार्ट मारू नका! फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा किंवा इंजेक्टरचे सॉकेट काढा, आणि नुसता सेल्फ मारा, दहा सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल. परत दहा सेकंद. ऑइलचा दिवा विझला किंवा गेजचा काटा उचलला की मगच फ्यूज लावून स्टार्ट करायचं. चार-पाच वेळा करूनही दिवा विझत नसेल तर 'चालू केल्यावर येईल प्रेशर' असं मनाला समजावू नका, काहीतरी राहिलंय. गेज पहिल्या दिवशी लावलेलंच असू द्या, गरम करून दोन्ही आकडे परत घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. मी तर ५०० किलोमीटरला एकदा ऑइल-फिल्टर परत बदलतो, उघडलेल्या इंजिनात काही ना काही राहतंच.

प्रश्न : पंप बदलून झाला, कंपनीचा नवीन टाकला, तरी प्रेशर होतं तिथेच. गॅरेजवाला म्हणतो नवीन पंप खराब निघाला. असं होतं का?

उत्तर : होतं, पण फार क्वचित. नवीन पंपावर आळ घेण्याआधी जाळीच्या नळीची ओ-रिंग कोणती टाकली ते विचारा. हा माझा स्वतःचाच अनुभव आहे, माझ्याच गाडीचा, माझ्याच हाताने केलेला. पंप नवीन, सील नवीन, आणि ओ-रिंग जुनी, का तर दिसायला चांगली होती आणि नवीन आणायला परत बाहेर जावं लागलं असतं. गेजचा काटा आयडलिंगला बरा दिसायचा, पण रेस वाढवली की वर जायच्या ऐवजी थरथरायचा, मधेच खाली यायचा. दोन दिवस मी रिलीफ व्हॉल्व्हला (प्रेशर जास्त झालं की उघडून ऑइल मागे सोडणारा पंपातला व्हॉल्व्ह) शिव्या घातल्या. शेवटी चेंबर परत उतरवला, ओ-रिंग काढून हातात घेतली तर प्लास्टिकच्या बांगडीसारखी कडक, एका बाजूने चपटी झालेली, बोटांनी दाबली तशी कट्कन तुटली. ती फट बंद करतच नव्हती, आणि स्ट्रॉला मधे भोक असलं की जसं सरबताऐवजी वारा येतो तसं पंप ऑइलबरोबर हवा ओढत होता. नवीन ओ-रिंग, ऑइल लावून, पीळ न पडू देता बसवली, काटा खिळल्यासारखा उभा राहिला.

ओ-रिंग नवीन असेल तर मग बेअरिंगकडेच वळावं लागेल, पाइपवरचा अंगठा आठवा. झिजलेल्या इंजिनात नवीन पंपाने काटा थोडासा वर येतो, माणूस खूश होतो, आणि चार महिन्यांनी परत तिथेच.

प्रश्न : जाड ऑइल टाकलं की दिवा बंद होतो असं ऐकलंय. किंवा जास्त ऑइल फेकणारा पंप मिळतो तो टाकावा का? आणि इंजिन आतून धुवायला मिळतं ते फ्लश?

उत्तर : जाड ऑइलने दिवा बंद होतो, खरंय. ताप मोजायचा थर्मामीटर बर्फात ठेवला तरी आकडा खाली येतो. गाडी विकायची असेल तेव्हा लोक हे करतात, म्हणून वापरलेली गाडी घेताना पूर्ण गरम करून, आयडलिंगला, दिव्याकडे नीट बघा. जिथे ५डब्ल्यू-३० सांगितलंय तिथे खूप जाड भरलं तर सकाळी गार इंजिनात ते वरच्या भागाला उशिरा पोचतं, आणि सुरुवातीचे काही सेकंद झीज होते ती वेगळीच. खूप चाललेल्या इंजिनला कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडपैकी जरा जाड ग्रेड निवडणं ठीक आहे, त्याच्या बाहेर जाऊ नका.

मोठा पंप हा रेसवाल्यांचा विषय. तुमचा आहे तो पंपसुद्धा वरच्या आरपीएमला गरजेपेक्षा जास्तच ऑइल देतो, जास्तीचं रिलीफ व्हॉल्व्ह उघडून परत मागे सोडून देतो. मोठा पंप टाकला तर परत जाणारं ऑइल वाढलं, ते ढकलायला इंजिनची ताकद जास्त गेली, ऑइल जास्त तापलं.

फ्लशबद्दल माझं मत कडक आहे. ज्या इंजिनात आत काळा चिखल साचलाय तिथे फ्लश टाकला की चिखलाच्या खपल्या सुटतात आणि सगळ्या एकाच जागी जातात, जाळीवर. चांगला चालणारा पंप फ्लशनंतर उपाशी मेलेला बघितलाय. चिखल असेल तर चेंबर उतरवून हाताने साफ करा. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजून फिरतो तिथे त्या बेल्टच्या रबराचा चुरासुद्धा असाच जाळीत बसतो, अशी गाडी असेल तर सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा आणि बेल्टची मुदत टाळू नका.

प्रश्न : माझी मोटरसायकल आहे, तिला ऑइलचा दिवाच नाही. पंप चालतोय की नाही कसं कळणार?

उत्तर : बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांना हेडवर ऑइल तपासायचा एक बोल्ट दिलेला असतो, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. गाडी आयडलिंगला ठेवून तो जरासा ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही, थोड्या वेळात तिथून ऑइल पाझरायला लागलं पाहिजे. एक मिनिट झालं तरी कोरडंच, तर इंजिन बंद. बऱ्याच मोटरसायकलींत पंप क्लच कव्हरच्या आत असतो, काही गाड्यांत त्याला फिरवणारी चक्री प्लास्टिकची असते, तिचे दात गेले की पंप ठणठणीत असून नुसता बसून राहतो. कव्हर उघडलं की आधी ती चक्री बघा. जाळीही तिथेच जवळपास असते, क्लच प्लेटचा भुसा तिच्यात सापडतो.

ज्यांनी टू-स्ट्रोकचं विचारलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचा पंप हा सगळा प्रकारच नाही, तो पेट्रोलबरोबर जळायला मोजून ऑइल देतो. बदलल्यावर एअर काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, केबलची खूण जुळवा आणि नळीत ऑइल सरकताना दिसेपर्यंत टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोलच ठेवा, नाहीतर पिस्टन चिकटेल.

प्रश्न : सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर दिवा तीन-चार सेकंद राहतो आणि वरून खडखड येते, मग सगळं शांत. पंप?

उत्तर : फिल्टर. त्यात रबराचा एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, रात्रभर ऑइल खाली उतरू नये म्हणून. स्वस्तातल्या फिल्टरचं ते रबर कडक होतं, ऑइल परत खाली जातं आणि सकाळी पंपाला सगळ्या वाटा नव्याने भराव्या लागतात. चांगला फिल्टर लावून बघा, नाही थांबलं तर मग लिहा.

प्रश्न : पंप बदलला, आता सगळं छान आहे. जुना भंगारात टाकू का?

उत्तर : टाका, पण आधी उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. झाकणाच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा. गुळगुळीत असेल तर पंप बहुतेक झिजलेला नव्हताच. नख अडेल एवढे गोल गोल ओरखडे असतील तर कुठूनतरी धातूचा चुरा आला होता, तो कुठून आला ते शोधल्याशिवाय नवीन पंपही असाच होणार. मग रिलीफ व्हॉल्व्हचं टोपण काढून आतला छोटा पिस्टन स्प्रिंगवर बोटाने दाबून सोडा. टक्कन परत आला पाहिजे. अडकत अडकत आला किंवा आत दाबलेलाच राहिला तर तुमचा चोर तोच, एवढासा कचरा त्याच्या बाजूला बसला होता आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिल्यामुळे ऑइल पुढे जायच्या ऐवजी मागे पळत होतं. नवीन पंपाबरोबर नवीन व्हॉल्व्ह आला म्हणून प्रेशर आलं, जुने रोटर कदाचित अजून दहा वर्षं चालले असते.